माईक दिलात, आता निर्णयही द्या

पत्र : आमच्या चर्चच्या मंडळीतला तरुण संघ मी कित्येक वर्षं सांभाळतो आहे. मुलं मला दादा म्हणतात, जीव लावतात. पण खुर्च्या मांडणं, माईक जोडणं, फोटो काढणं यापलीकडे कुणी पुढे येत नाही. काही महिन्यांपूर्वी 19 वर्षांच्या एका मुलीला मुद्दाम सभा चालवायला दिली. तयारी तिनं मनापासून केली होती. पण मध्येच अडखळली, चर्चा भरकटली, वेळ हातातून जायला लागला. मला राहवलं नाही. उठलो, माईक घेतला आणि सभा आटोपती घेतली. तेव्हापासून ती मागच्या रांगेत गप्प बसते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एक जण म्हणाले, ‘मुलांच्या हाती दिलं की असंच व्हायचं.’ आता कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच, ‘दादा, तुम्हीच करा ना.’ एक मुलगा तेवढा तयार आहे. गातो सुरेख, बोलतो छान, पण लहान मुलांशी तुसडेपणानं वागतो. त्यालाच पुढे करू का? की या पिढीला जबाबदारी नकोच आहे? कधी कधी वाटतं, आपणच बाजूला व्हावं. – एक थकलेला दादा

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

पिढीचा प्रश्न आधी बाजूला काढू या, कारण तो खरा प्रश्न नाही. ‘दादा, तुम्हीच करा ना’ हे मुलं आळसानं म्हणत नाहीत, अनुभवानं म्हणतात. गाडी जरा अडली की माईक पुन्हा दादांच्या हातात जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मधल्या वेळात चारचौघांत फजिती कुणी ओढवून घ्यायची? त्यापेक्षा खुर्च्या लावलेल्या बऱ्या. त्यात कुणी मध्येच येऊन हातातलं काम काढून घेत नाही.

तुम्ही त्या मुलीला मंच दिलात, पण सभा दिली नाहीत. तुमचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. तिची तारांबळ तुम्हाला बघवली नाही, म्हणून तुम्ही उठलात. पण तिच्या जागी उभं राहून बघा. समोर सगळे मित्रमैत्रिणी, मागे वडीलजन, आणि वाक्य संपायच्या आत हातातून माईक गेलेला. त्या क्षणी ती एकच गोष्ट शिकली, की माझ्यावर टाकलेला विश्वास पहिल्या अडखळण्यापर्यंतच होता.

म्हणून बाकी सगळ्याच्या आधी तिला भेटा. बंद खोलीत एकटीला बोलावून नको. मंडळीतल्या एखाद्या ताईंना सोबत घ्या, किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागी बसा. आणि सरळ सांगा, ‘मी माईक घ्यायला नको होता.’ या वाक्यापुढे ‘पण’ लावू नका. ‘पण वेळ होत आला होता’, ‘पण वडीलजन बसले होते’, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी नको. मग तिला विचारा की तिच्या मते सभेत काय काय झालं, आणि मध्ये न बोलता ऐका. माझा अंदाज आहे की चर्चा भरकटली तेव्हा खोलीत कुणीतरी खरा प्रश्न विचारला असेल, छापील उत्तराचा नव्हे. विश्वास डळमळल्याचा, घरातल्या भांडणाचा, मैत्रीतल्या मोहाचा. तरुणांच्या सभेत चर्चा भरकटते ती बहुतेक वेळा अशाच जागी. तसं असेल तर तिला स्पष्ट सांगा, ‘तुझ्या सभेत तो प्रश्न विचारायची एकाची हिंमत झाली, माझ्या सभेत झाली नव्हती.’ हे खरं असेल तरच सांगा हं. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

योहान मार्कची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तो प्रेषित पौल आणि बर्णबाबरोबर सुवार्तेच्या फेरीला निघाला आणि पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला. पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार होईना. त्यावरून दोघांत इतकं वाजलं की त्यांच्या वाटाच वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. तिथे मार्कनं काय काय केलं, याबद्दल बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक एक अक्षर सांगत नाही. पण आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल म्हणतो, मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधली सगळी वर्षं कुणीतरी त्याच्याबरोबर चाललं म्हणून हे घडलं. तुमच्या त्या मुलीला आज बर्णबा हवा आहे, आणि ते काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाही.

तिच्याकडे लगेच पूर्ण सभा मात्र देऊ नका. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो यानं त्याला खडसावलं, तू स्वतःही झिजशील आणि लोकांनाही झिजवशील. मग त्यानं नेमायला सांगितले ते हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक. आपण तरुणांना एकदम शंभरांवर उभं करतो आणि जमलं नाही की ‘यांना जमत नाही’ म्हणतो. सुरुवात दहांपासून करा. सात-आठ मुलांच्या गटात 20 मिनिटांचा बायबल अभ्यास, तोही जोडीनं. प्रभूनंही शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं. एक अडखळला तर दुसरा पुढचा प्रश्न विचारतो, आणि घरी जाताना बोलायला कुणी तरी असतं. मोठ्या सभेची घाई करायचं काहीच कारण नाही.

आता खरी गोष्ट, निर्णयांची. गणना या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की यहोशवावर हात ठेव, सगळ्या मंडळीसमोर त्याला उभा कर आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला दे. इथे दोन गोष्टी आहेत. अधिकार लोकांच्या देखत दिला, आणि सगळा नाही, काही भाग दिला. मोशे तेव्हा जिवंत होता, शेजारीच उभा होता. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं. काम सगळं देतो, अधिकार काहीच देत नाही, आणि जे काही देतो ते कानात सांगून देतो.

तुमच्या नियोजनाच्या बैठकीत काय होत असेल, ते सांगून बघते. तुम्ही विचारता, ‘बोला, पुढच्या महिन्यात काय करू या?’ सगळे खाली बघतात. शांतता फार ताणली गेली असं वाटून तुम्हीच म्हणता, ‘मागच्या वेळी स्तुतीची संध्याकाळ छान झाली होती, नाही का?’ चार माना हलतात. ठरलं. घरी जाताना तुम्हाला वाटतं, मुलं काही सुचवतच नाहीत. पुढच्या बैठकीत ती शांतता चालू द्या. विषय तीन दिवस आधी कळवा, प्रत्येकाला कागदावर एक-एक गोष्ट लिहून आणायला सांगा, आणि तुमचं मत सगळ्यात शेवटी द्या. बैठकीचं अध्यक्षपदही त्यांच्यातल्याच एकाकडे द्या, तुम्ही टेबलाच्या कडेला बसा.

काय बोलायचं हेच सुचत नसेल तर बेल्जियममधल्या जोझेफ कार्डाइन या पाद्री साहेबांची रीत बघा. कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी उभारलेली चळवळ 1925 साली रीतसर सुरू झाली. तिची पद्धत तीन पावलांची : पाहा, पारखा, कृती करा. आधी आपल्या रोजच्या जगण्यात काय चाललंय ते पाहायचं, मग ते शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायचं, आणि उठण्यापूर्वी एक तरी काम ठरवायचं. कामगार तरुणांपर्यंत प्रभूला कामगार तरुणच नेतील, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. तुमच्या संघातली मुलं कॉलेजात, नोकरीवर, फोनवर कुठल्या जगात वावरतात हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक आहे. पाहण्याचं काम त्यांच्याकडे आलं की विषय आपोआप निघतात.

मग एका कागदावर लिहून काढा, कुठले निर्णय मुलांचे, कुठले मिळून घ्यायचे आणि कुठले तुमचे. सभेचे विषय, गाणी, कोणाला बोलवायचं, शिबिराची रूपरेषा, हे त्यांचं. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्चही त्यांचा, पावत्या ठेवून आणि दोघांच्या सह्यांनी. पैशांचा हिशेब द्यायला शिकणं हा आत्मिक वाढीचाच भाग आहे असं मी मानते. पौलानंही मंडळ्यांचं दान पोहोचवताना बरोबर इतर भाऊ घेतले होते, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. शिकवणीच्या मूळ गोष्टी, मुलांची सुरक्षितता, पालकांशी व्यवहार, हे मिळून किंवा तुमचं. आणि एकदा जे त्यांचं म्हणून लिहिलं, तिथे तुम्हाला न पटणारा निर्णय झाला तरी तो चालू द्यायचा. तुम्हाला न आवडणारी गाणी वाजतील. एखादा कार्यक्रम पडेल. पडू द्या.

सभेच्या वेळी तुम्ही कुठे बसता, यानंही फरक पडतो. पहिल्या रांगेत बसलात तर बोलणाऱ्याची नजर दर वाक्याला तुमच्या चेहऱ्याकडे जाते, बरं चाललंय का हे बघायला. मागे बसा. आणि आधीच तिच्याशी ठरवून घ्या, की मी कधी उठणार. कुणाचा अपमान होत असेल, कुणाला इजा व्हायची शक्यता असेल, तरच. बाकी कशासाठीही नाही. तिला मदत हवी असेल तर तिनं नुसतं म्हणावं, ‘यावर आणखी कुणाला काही सांगायचंय?’ ही तुमची खूण. मग तुम्ही जागेवरूनच हात वर करून एक छोटा प्रश्न विचारायचा, जो चर्चेला पुन्हा वचनाकडे आणेल. माईक तिच्याच हातात राहील, सभाही तिचीच राहील, आणि इतर कुणाला काही कळणारही नाही.

सभा संपल्यावर त्याच रात्री चुकांची यादी पाठवू नका. दोन-तीन दिवसांनी बसा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात पाठवलेले शिष्य आनंदानं परत येतात, भुतेसुद्धा आम्हाला वश होतात म्हणून सांगतात. प्रभू त्यांच्या आनंदावर पाणी ओतत नाही. आधी ऐकून घेतो, मग हळूच त्यांची नजर वळवतो : भुते वश होतात यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत यात माना. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायातही तेच दिसतं. प्रेषित येऊन काय केलं, काय शिकवलं ते सगळं सांगतात, आणि तो म्हणतो, चला, एकांतात थोडी विश्रांती घ्या. मुलांशी बोलताना हाच क्रम धरा. आधी त्यांचं ऐकणं, मग एकच सुधारणा, मग विसावा. एका वेळी एकच. पाच गोष्टी सांगितल्या तर पुढची सभा ती मुलगी घेणार नाही.

फ्रान्सिस क्लार्क या पाळकांचं उदाहरण इथे द्यावंसं वाटतं. 1881 साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंडच्या आपल्या मंडळीत, त्यांनी तरुणांसाठी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ हा संघ सुरू केला. विश्वासात नव्यानं आलेल्या मुलांना टिकवायचं कसं, ही त्यांची चिंता तुमच्यासारखीच होती. त्यांनी मुलांसाठी कार्यक्रम वाढवले नाहीत, मुलांकडून वचन घेतलं. सभेला यायचं आणि प्रत्येकानं काहीतरी भाग घ्यायचाच, बायबलमधली एक ओवी वाचली तरी चालेल. शिवाय निरनिराळी कामं मुलांच्याच समित्यांकडे दिली. पुढे त्या संघाच्या शाखा देशोदेशी निघाल्या. लाजऱ्या मुलाला त्या एका ओवीनं पहिल्यांदा स्वतःचा आवाज मंडळीत ऐकू येतो. तुमच्या संघात उद्यापासून सुरू करता येईल अशी ही गोष्ट आहे, तिला कुणाची परवानगीही लागत नाही.

आता वडीलजन. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं हे पत्रात दिसतंय, आणि ते त्या मुलीच्या कानावर गेलं असेल तर तिला किती लागलं असेल! पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या शेवटी लिहितो, तीमथ्य आला तर तो तुमच्यामध्ये निर्भयपणे राहील असं पाहा, कोणी त्याला तुच्छ मानू नये. ‘तुझे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये’ हे आपण तरुणांना नेहमी सुनावतो, पण पौलानं ते एकट्या तीमथ्यालाच सांगून सोडलं नाही, मोठ्यांनाही सांगितलं. तुम्ही वडीलजनांकडे जा आणि म्हणा, त्या दिवशीची चूक माझी होती, तिची नव्हे. पुढचं वर्षभर मी मुलांना शिकवतो आहे, त्यात अशा सभा आणखी होतील, तोवर तक्रार असेल तर मला सांगा, मुलांना नको. ही ढाल झाल्याशिवाय तुमची कुठलीही योजना टिकणार नाही. आणि जमलंच तर वडीलजनांच्या बैठकीला दोन तरुणांना बसू द्या अशी विनंती करा. एकाला नको, एकटा पोरगा मोठ्यांच्या बैठकीत तोंड उघडत नाही.

तुमच्या बाजूनं एक तयारी मात्र लागेल. म्हाताऱ्या याजक एलीनं लहान शमुवेलाला सांगितलं की रात्री पुन्हा देवाची हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. तो स्वतः मध्यस्थ होऊन बसला नाही, पोराला थेट देवाकडे पाठवलं. आणि सकाळी त्या पोरानं आणलेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध निघाला. एलीनं तो लपवू दिला नाही, खोदून विचारला आणि मान्य केला. एलीच्या आयुष्यात चुका पुष्कळ होत्या, पण ही एक गोष्ट त्यानं फार मोठी केली. तुमची मुलं खरोखर ऐकायला लागली, तर एक दिवस ती मंडळीबद्दल आणि तुमच्याबद्दलही न आवडणारं काहीतरी खरं सांगतील. त्या दिवशी तुमचा चेहरा कसा राहतो यावर पुष्कळ अवलंबून आहे.

त्या गाणाऱ्या मुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता त्याला पुढे करू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात पंगतीची सेवा करायला माणसं निवडायची होती, तरी अट होती ती चांगल्या साक्षीची, आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेलं असण्याची. कोणावर हात ठेवायला उतावीळ होऊ नको, असं पौल तीमथ्याला बजावतो. पण त्या मुलाला नुसतं टाळूही नका, ते अन्यायाचं होईल. त्याच्याशी समोरासमोर बोला : तुझा गळा देवानं दिला आहे, पण परवा त्या लहान मुलाला तू जसा झिडकारलास तसं पुढाऱ्यानं वागून चालत नाही. नेमका प्रसंग सांगा, ‘तुझा स्वभाव’ म्हणू नका. मग त्याला लहानांच्या गटात दुसऱ्या कुणाच्या हाताखाली काही महिने काम द्या. तिथे त्याचं मन मऊ झालं तर तुम्हाला एक चांगला सेवक मिळेल. नाही झालं तर निदान मंचावरून कुणाला दुखवणार नाही.

आणि इतरांकडे नीट बघा. सभेला पहिल्यांदा आलेल्या मुलीशेजारी कोण जाऊन बसतं? गैरहजर असलेल्याला फोन कोण करतं? भांडण झालं की दोन्हीकडची मुलं कुणाकडे जातात? ते नाव बहुधा तुमच्या यादीत नसेल. मोशेच्या छावणीत एल्दाद आणि मेदाद हे दोघे देवाचा संदेश द्यायला लागले तेव्हा यहोशवालाही ते खटकलं होतं, यांना आवरा म्हणाला. मोशे म्हणाला, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं!

एका गोष्टीत मात्र अजिबात ढिलाई नको. 18 वर्षांखालच्या मुलामुलींना जबाबदारी देताना त्यांच्या जिवाची, मनाची राखण मोठ्यांकडेच राहते. कुठल्याही कार्यक्रमात किमान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत. मोठ्या माणसानं एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद दाराआड भेटायचं नाही, रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठवायचे नाहीत. आणि तुमच्या तरुण पुढाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा, की कुणी मारहाणीबद्दल, अत्याचाराबद्दल किंवा जीव द्यायच्या विचाराबद्दल सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं आणि त्याच दिवशी ठरलेल्या मोठ्या व्यक्तीकडे यायचं. पुढचं काम त्या व्यक्तीचं : मुलाला सुरक्षित करणं, योग्य अधिकाऱ्यांना कळवणं, डॉक्टरांची मदत घेणं. 17 वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर असलं ओझं टाकणं म्हणजे नेतृत्व शिकवणं नव्हे. मंडळीचं नाव जाईल म्हणून अशी गोष्ट झाकायची, हा तर विचारही मनात येऊ देऊ नका.

जबाबदारीला मुदतही ठेवा. एक वर्ष, मग थांबायची मोकळीक, अपराधी न वाटता. परीक्षा आल्या की काम दुसऱ्यानं उचलायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. आणि जबाबदारी घेतलेल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा कार्यक्रमाचा विषयसुद्धा न काढता विचारा, तुझी प्रार्थना कशी चालली आहे, घरी कसं आहे, झोप मिळते का. जे सतत देत असतात त्यांना कुणी विचारत नाही, आणि दोन वर्षांत ते विश्वासातूनच गळून जातात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाजूला व्हावं का. आत्ता नाही. आत्ता गेलात तर मुलं समजतील की दादा आमच्यावर नाराज होऊन गेले, आणि त्या मुलीला वाटेल की माझ्यामुळे गेले. पण तुम्ही थकला आहात हेही खरं आहे, त्याचा इलाज वेगळा करायला हवा. तिला भेटून झालं, वडीलजनांशी बोलून झालं, दोन-तीन जोड्यांचे छोटे गट रुळले, की तुम्ही महिनाभर रजा घ्या. दुसऱ्या एखाद्या जबाबदार ताई-दादांना तेवढा काळ मुलांसोबत राहायला सांगा. त्या महिन्यात सभा कशी झाली हे विचारायला फोन करू नका. परत आल्यावर पाळकांबरोबर बसून दीड-दोन वर्षांनंतरची एक तारीख ठरवा, ज्या दिवशी संघाची सूत्रं तुम्ही सगळ्या मंडळीसमोर द्याल, आणि ती तारीख मुलांना लगेच सांगून टाका. कोणाच्या हाती द्यायची ते तेव्हा बघता येईल. तारीख ठरली की तीमथ्याला लिहिलेलं पौलाचं ते सांगणं, जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांनाही शिकवतील, हे तुमच्या दर आठवड्याच्या कामाच्या यादीत येईल. आणि तारखेनंतरही त्यांच्या सभेला येत राहा, मागच्या रांगेत एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगा.

प्रभू तुमच्या कष्टांना फळ देवो.

तुमची,
ताई